ख्रिस्ती उपासनेतील विलाप : करुणरसविचाराच्या अंगाने एक चिकित्सा

प्रास्ताविक

मराठी समीक्षेत करुणरसाची चर्चा पुष्कळ झाली आहे. शोकासारखी दुःखद भावना काव्यात आनंददायक कशी ठरते, हा त्या चर्चेचा केंद्रबिंदू राहिला. न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोदे साहित्य संमेलनात मांडलेला सविकल्प समाधीचा सिद्धांत आपल्या विद्यार्थ्यांना प्रश्नोत्तरापुरता तरी पाठ असतो. मात्र या साऱ्या विवेचनात शोकाचे स्थान म्हणजे रंगभूमी किंवा काव्यग्रंथ, आणि शोकाचा अनुभव घेणारा म्हणजे प्रेक्षक किंवा वाचक, हे गृहीत धरलेले आहे. ज्या ठिकाणी शोक करणारा आणि शोकगीत म्हणणारा हे एकच असतात, त्या ठिकाणाकडे, म्हणजे उपासनेकडे, या चर्चेची दृष्टी क्वचितच वळली.

ख्रिस्ती उपासना हे या दृष्टीने महत्त्वाचे क्षेत्र आहे. तिच्या पायाशी असलेल्या स्तोत्रसंहितेतील दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. तिच्या वार्षिक चक्राचा मध्यबिंदू एका वधाच्या स्मरणाभोवती रचलेला आहे. असे असूनही गेल्या शतकाच्या उत्तरार्धापासून या उपासनेचा कल उत्सवाकडे झुकत गेला आणि शोक म्हणजे श्रद्धेची उणीव असा समज बळावला. वॉल्टर ब्रुगमन या अमेरिकन बायबलअभ्यासकाने १९८६ साली लिहिलेल्या एका निबंधात, विलाप गमावल्याची किंमत धर्मसमुदायाला मोजावी लागते, असे प्रतिपादन केले. विलाप गेला की देवाशी होणारा संवाद एकतर्फी होतो आणि न्यायाचा प्रश्न विचारण्याची जागाच उरत नाही, असे त्यांचे म्हणणे थोडक्यात सांगता येईल. प्रस्तुत लेखात हे प्रतिपादन मान्य करून त्यात एक भेद सुचवावयाचा आहे. उपासनेतून विलाप केवळ उत्सवाने हद्दपार केला असे नाही. त्याच्या कितीतरी आधी पश्चात्तापाने त्याची जागा घेतली होती.

विलापस्तोत्राची घडण

हर्मान गुंकेल (१८६२-१९३२) यांनी स्तोत्रांचे प्रकारनिहाय वर्गीकरण केले आणि क्लाउस वेस्टरमान यांनी त्या वर्गीकरणाला अधिक नेमकेपणा दिला. त्यांच्या विवेचनावरून विलापस्तोत्राची एक ठरावीक घडण दिसून येते. आरंभी देवाला हाक, मग तक्रार, मग मागणे, मग विश्वासाचा उच्चार आणि शेवटी स्तुतीचे वचन. तेरावे स्तोत्र हा या घडणीचा सर्वांत आटोपशीर नमुना होय. अवघ्या सहा ओव्यांएवढ्या या रचनेत अजून किती काळ, हा एकच प्रश्न सुरुवातीला चार वेळा येतो आणि शेवटाला गायक गाणे गाण्याचे वचन देतो.

मधल्या वळणाचे काय? चार वेळा तक्रार करणारा माणूस दोन श्वासांत स्तुती कशी करू लागतो? योआखीम बेग्रिख यांनी १९३४ साली यावर असा तर्क मांडला की, तक्रार आणि स्तुती यांच्या मध्ये मंदिरातील याजक अभयवचन उच्चारीत असावा. ते वचन संहितेत नोंदले गेले नाही, त्याचा परिणाम तेवढा नोंदला गेला. हा तर्क सर्वांनी स्वीकारलेला नाही. तरी त्यातून निघणारा मुद्दा मोलाचा आहे. दुःखाकडून स्तुतीकडे जाण्याचे वळण दुःखिताने स्वतःच्या मनोबळावर घ्यावे, अशी ही घडण अपेक्षा करीत नाही. त्यासाठी दुसऱ्या कोणाचा तरी आवाज लागतो, आणि तो आवाज ऐकू येण्याची जागा म्हणजे उपासना. घरी बसून, मनातल्या मनात, आनंदी राहण्याचा निर्धार करणे ही त्याहून सर्वस्वी वेगळी गोष्ट झाली.

येथे भरतमुनींचा एक भेद उपयोगी पडतो. करुण आणि विप्रलंभ शृंगार या दोहोंत वियोग आहे, अश्रू आहेत, चिंता आहे. मग हे दोन निराळे का? नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायातील उत्तर असे की, करुण हा निरपेक्ष आहे आणि विप्रलंभ हा सापेक्ष. करुणात परतभेटीची आशा संपलेली असते, विप्रलंभात ती टिकून असते. या कसोटीवर बहुतेक विलापस्तोत्रे करुणाच्या नव्हे, विप्रलंभाच्या जातीची ठरतात. त्यांतील दुःख कोणाला तरी उद्देशून आहे. तो दिसत नाही, बोलत नाही, पण तो आहे असे धरूनच त्याच्यावर रुसणे चालले आहे. बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभी देवाने आपल्याला का सोडले, असा प्रश्न आहे. मार्क आणि मत्तय या शुभवर्तमानकारांनी तोच प्रश्न क्रूसावरील येशूच्या तोंडी दिला आहे. ज्याने सोडले त्यालाच विचारलेला हा प्रश्न आहे. प्रश्नातील आशयाने नाते तुटते आणि प्रश्न विचारण्याच्या कृतीने ते टिकते. लूक आणि योहान यांनी हा उद्गार घेतला नाही, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. शिष्यांच्या पहिल्या काही पिढ्यांतच या विलापाचे ओझे सर्वांना सारखे पेलत नव्हते, असा त्याचा अर्थ लावता येतो.

अपवाद एकच, अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र. त्यात वळण नाही, वचन नाही. ते अंधारावर संपते. भरतमुनींच्या परिभाषेत हाच खरा करुण. पण ज्याला आशा नाही त्याने देवाला हाक तरी का मारावी? या स्तोत्रात रात्रंदिवस हाक आहे. आपल्या रसचर्चेतील सापेक्ष आणि निरपेक्ष या दोन चौकटींत ते पूर्णपणे बसत नाही. तसे ते न बसणे हीच त्याची थोरवी आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

विलापाचे प्रायश्चित्तात रूपांतर

इ. स. पूर्व ५८७ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केले. त्या विनाशावरील पाच काव्ये म्हणजे विलापगीत हे बायबलमधील पुस्तक. पहिली चार काव्ये हिब्रू वर्णमालेच्या बावीस अक्षरांच्या क्रमाने बांधलेली आहेत. तिसऱ्यात प्रत्येक अक्षराला तीन ओळी मिळून सहासष्ट चरणांची रचना झाली आहे. पाचव्या काव्यात चरण बावीसच आहेत, पण अक्षरक्रम मोडलेला आहे. शोकाला अक्षरक्रमाचे कुंपण कशासाठी, असा प्रश्न कोणालाही पडेल. दुःख अमर्याद असते, म्हणून त्याला 'अ' पासून 'ज्ञ' पर्यंत एकदा पुरते मोजून घ्यावे, हा त्यामागील हेतू असावा. शेवटच्या काव्यात मोजदाद संपते, अक्षरे थकतात आणि पुस्तक देवाने आपल्याला पुरते टाकले की काय, या शंकेवर थांबते. यहुदी सभास्थानात मंदिरविनाशाच्या स्मरणदिनी हे पुस्तक वाचताना शेवटच्या शंकेनंतर तिच्या आधीची ओवी पुन्हा म्हणण्याची प्रथा आहे. संहितेला हात लावायचा नाही आणि श्रोत्याला त्या शंकेवर सोडायचेही नाही, अशी ही तडजोड मोठी सुज्ञ म्हटली पाहिजे.

ख्रिस्ती परंपरेने हेच पुस्तक पवित्र आठवड्याच्या अखेरच्या तीन दिवसांतील पहाटेच्या प्रार्थनेत आणले. त्रिकोणी दीपवृक्षावरील मेणबत्त्या, बहुधा पंधरा, एकेक स्तोत्र संपताच विझवीत जायच्या, अशी ही तेनेब्रे नावाची उपासना. तीत हिब्रू अक्षरांची नावेसुद्धा लांबलचक आलापांनी गायली जात. अर्थ नसलेल्या त्या अक्षरांवर पालेस्त्रिना, व्हिक्तोरिया, टॅलिस अशा रचनाकारांनी आपले सर्वोत्तम संगीत ओतले. परंतु प्रत्येक पाठाच्या शेवटी एक ध्रुवपद जोडलेले असे. त्यात यरुशलेमला आपल्या प्रभूकडे परत फिरण्याचे आवाहन होते. हे ध्रुवपद विलापगीतातले नाही. होशेय संदेष्ट्याच्या पुस्तकातील आवाहनावरून ते घडवलेले आहे. मूळ काव्यात उद्ध्वस्त नगरी बोलते, आपली भुकेलेली मुले दाखवते, हे बघ असे देवाला सुनावते. ध्रुवपदात मात्र तिलाच उपदेश केला जातो. जी फिर्यादी होती तिला आरोपी करण्यात आले.

मूळ काव्यांत पापाची कबुली नाही, असे म्हणण्याचा हेतू नाही, ती आहे. प्रश्न प्रमाणाचा आहे. असाच प्रकार सात प्रायश्चित्तस्तोत्रांच्या बाबतीत दिसतो. सहावे, बत्तिसावे, अडतिसावे, एकावन्नावे, एकशे दोनावे, एकशे तिसावे आणि एकशे त्रेचाळिसावे या स्तोत्रांचा एक गट कॅसिओडोरस याच्या सहाव्या शतकातील भाष्यापासून ओळखला जातो. यांपैकी एकावन्नावे पश्चात्तापाचे स्तोत्र आहे, यात वाद नाही. पण सहाव्या आणि एकशे दोनाव्या स्तोत्रांत पापकबुलीचा एकही शब्द नाही. एकात रडून रडून बिछाना भिजवणारा रुग्ण आहे, दुसऱ्यात हाडे जळून गेल्याची आणि आयुष्य धुरासारखे विरल्याची तक्रार करणारा पीडित. देवाच्या कोपाचा उल्लेख दोन्हीकडे आहे, तेवढ्यावरून या दोघांना पश्चात्तापाच्या रांगेत बसवण्यात आले.

उपवासकाळातील शोकाचे मूल्य सांगताना आत्मपरीक्षणाचा गौरव केला जातो, तो रास्तच आहे. भस्म बुधवारी कपाळी लावलेली राख, वेदीवरून नाहीसे होणारे गौरवगीत, आलेलुयाचे मौन या साऱ्यांत माणसाला स्वतःच्या मर्त्यतेसमोर उभे करण्याचे सामर्थ्य आहे. परंतु जिचे मूल दवाखान्यात दगावले त्या आईला आत्मपरीक्षण सांगणे आणि तिच्या तोंडी तक्रारीचे शब्द देणे, या दोहोंतला फरक जर उपासना विसरली, तर तिचे गांभीर्य हा क्रूरपणाचाच एक सभ्य प्रकार होऊन बसतो.

सुधारणांचे काय झाले

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) सुरू केलेल्या उपासना-सुधारणांवर उदासपणा घालवल्याचा आरोप होतो. त्यातील तथ्य तपासून पाहिले पाहिजे. परिषदेच्या १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजाने अंत्यविधीतून ख्रिस्ती मरणाचे पुनरुत्थानाशी असलेले नाते अधिक स्पष्ट व्हावे, अशी अपेक्षा व्यक्त केली. पुढील काही वर्षांत अंत्यविधीच्या मिस्सातून 'दिएस इरे' हे मध्ययुगीन लॅटिन काव्य वगळले गेले. काळ्या पोशाखाला मुभा राहिली, पण जांभळ्या व पांढऱ्या रंगाचा वापर वाढला. 'दिएस इरे'च्या निरोपाबद्दल संगीतरसिकांनी हळहळ व्यक्त केली, ती समजण्याजोगी आहे. तथापि ते काव्य विलापाचे नाही. त्यात मृतासाठी रडणे नाही. अंतिम न्यायाच्या दिवशी माझे काय होईल, ही धास्ती आहे. ते गेल्याने भय गेले, शोक गेला नाही. शोकाला तेथे आधीही प्रशस्त जागा नव्हती.

खरे नुकसान अन्यत्र झाले, आणि त्याची चर्चा मात्र कमी झाली. १९७१ साली सिद्ध झालेल्या तासांच्या प्रार्थनेतून अठ्ठावन्न, त्र्याऐंशी आणि एकशे नऊ ही तीन स्तोत्रे संपूर्ण गाळण्यात आली, आणि इतर काहींतील ओव्या काढल्या गेल्या. एकशे सदतिसाव्या स्तोत्राचा भयंकर शेवट त्यांतलाच. शत्रूला शाप देणारे हे शब्द म्हणताना भाविकाला मानसिक अडचण होते, असे कारण देण्यात आले. अडचण होते हे खरे. पण बाबेलच्या नद्यांकाठी ज्यांची मुले मारली गेली होती, त्यांचा संताप तरी न्यायासनासमोर मांडला जात होता. सूड स्वतः न घेता तो देवाच्या हवाली केला जात होता. शब्द वगळल्याने संताप नाहीसा होत नाही, त्याला बोलण्याची जागा तेवढी नाहीशी होते.

या उलट, गुड फ्रायडेच्या विधीला सुधारणांनी फारसा धक्का लावला नाही. त्या दिवशी जगभरातील कॅथॉलिक चर्चमध्ये मिस्सा साजरा होत नाही. वेदीवर वस्त्र नसते, आदल्या रात्रीपासून घंटा मुकी असते. याजक शब्दही न बोलता येतो आणि वेदीपुढे जमिनीवर पालथा पडतो. या मौनाला भाषांतराची गरज लागत नाही.

प्रेक्षक की सहभागी

योहान सेबास्टियन बाख याचे 'सेंट मॅथ्यू पॅशन' १७२७ साली लाइपझिगच्या थॉमस चर्चमध्ये गुड फ्रायडेच्या उपासनेत प्रथम सादर झाले, असे आज सर्वसाधारणपणे मानले जाते. त्याच्या दोन भागांच्या मध्ये प्रवचन होते. शेवटच्या भोजनाच्या प्रसंगी तुमच्यापैकी एक जण मला धरून देईल, असे येशू म्हणतो. त्यावर शिष्यांचा वृंद तो मी तर नाही ना, असे अकरा वेळा विचारतो. बारावा आवाज, यहूदाचा, त्यात नाही. आणि लगेच जे भक्तिगीत येते ते तो मीच, अशा अर्थाची कबुली देते. ती चाल श्रोत्यांना रोजच्या उपासनेतून परिचित होती. प्रेक्षकाला प्रेक्षक राहू न देण्याची याहून प्रभावी युक्ती नाट्यकलेतही सहसा आढळत नाही. रचनेचा शेवट कबरीपाशी होतो, पुनरुत्थानाचा एक सूरही त्यात नाही.

फेलिक्स मेंडेलसनने १८२९ साली बर्लिनमध्ये हीच रचना पुन्हा सादर केली, पण ती सभागृहात, तिकिटे काढून आलेल्या श्रोत्यांपुढे. तेव्हापासून ती जगाची झाली हे खरे; आणि तेव्हापासूनच तिच्यातील शोक आस्वाद्य झाला, हेही खरे. केळकरांची सविकल्प समाधी या दुसऱ्या श्रोत्याला तंतोतंत लागू पडते. पहिल्याला ती लागू पडत नाही, कारण त्याला कोणाच्याही भूमिकेत शिरायचे नाही. तो आधीच तेथे उभा आहे. रसचर्चेने हा पहिला श्रोता आपल्या विचारकक्षेत घेतलेला नाही, एवढेच येथे नोंदवावयाचे आहे.

शोकाची दिशा

गंभीर शोकाचा गौरव करताना त्याचा इतिहासातील गुन्हा झाकता येणार नाही. युरोपात कित्येक शतके पवित्र आठवडा हा यहुद्यांसाठी भीतीचा काळ होता. ख्रिस्ताच्या मरणाचे दुःख जागवायचे आणि दोष शेजाऱ्याच्या माथी मारायचा, असे वारंवार घडले. गुड फ्रायडेच्या रोमन प्रार्थनेत यहुद्यांसाठी वापरले जाणारे अविश्वासू अशा अर्थाचे विशेषण १९५९ साली पोप तेविसावे योहान यांनी काढून टाकले आणि १९७० च्या मिस्साग्रंथात ती प्रार्थना नव्याने लिहिली गेली. बाखच्या त्या भक्तिगीतातील कबुलीचे मोल या पार्श्वभूमीवर अधिकच जाणवते. अर्थात त्या कबुलीलाही वर सांगितलेली मर्यादा आहेच. मारणाऱ्याने तो मीच म्हणावे हे योग्य. मार खाणाऱ्याकडूनही तेच म्हणवून घेणे योग्य नव्हे.

भारतीय संदर्भात हा प्रश्न अरविंद निर्मल (१९३६-१९९५) यांनी धारेवर धरला. १९८१ साली बंगळूर येथील युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजातील व्याख्यानापासून त्यांनी दलित ख्रिस्ती ईशज्ञानाची मांडणी आरंभिली आणि वेदना हीच ज्ञानाची वाट असल्याचे प्रतिपादन केले. त्यांच्या मते कृतीच्याही आधी वेदना येते; सहन करणाऱ्याला देव कोण हे वेदनेतून कळते. या विचारात शोक म्हणजे प्रायश्चित्त नव्हे, साक्ष होय. पीडिताला पापी ठरवणाऱ्या उपासनेला याहून नेमके उत्तर आपल्याकडे दिले गेलेले नाही.

मराठीच्या अंगाने

मराठीत विलाप आणि अनुताप या दोन्ही परंपरा पूर्वीपासून स्वतंत्रपणे नांदत आहेत. समर्थ रामदासांची करुणाष्टके अनुतापाच्या बाजूची. तुकोबांचे विठ्ठलाशी होणारे भांडण मात्र अनुतापात मावत नाही. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात अन्नावाचून पत्नी गमावलेला हा माणूस देवाला दिवाळखोर ठरवायला कमी करीत नाही, आणि हे सारे भक्तीच्या आतच घडते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी भावना रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१-१९१९) व्यक्त केली होती. 'अभंगांजली'त आणि त्यांच्या अन्य भक्तिगीतांत ख्रिस्ताला माउली म्हणून आळवण्याचा, विरहाने व्याकूळ होण्याचा स्वर ठळक आहे. भरतमुनींच्या अर्थाने हा सापेक्ष वियोगच. तुकोबांचे भांडण मात्र पूल ओलांडताना काहीसे मागे राहिले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मिशनच्या उपासनेत देवाशी भांडणे कितपत शोभले असते, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. टिळकांनी कीर्तन चर्चमध्ये आणले, टाळ आणले. कज्जा आणला नाही.

या संदर्भात लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'चे वाचन नव्याने व्हावयास हवे. १८९५ साली पतीने बाप्तिस्मा घेतल्यावर आलेल्या सुमारे पाच वर्षांच्या वियोगाची हकिकत त्या ज्या निर्मळ विनोदाने सांगतात, त्याचे आपण कौतुक करतो. पण त्या विनोदाखाली एक अनुत्तरित तक्रार आहे. चर्चच्या उपासनेने तिला शब्द दिले नाहीत; ते आत्मचरित्राला द्यावे लागले.

२७ मार्च २०२० रोजी करोनाच्या साथीत तत्कालीन पोप फ्रान्सिस यांनी रोममधील निर्मनुष्य चौकात, पावसात, एकट्याने प्रार्थना केली. त्यासाठी वाचलेला उतारा मार्कच्या चौथ्या अध्यायातील वादळाचा होता. त्यात नाव बुडत असताना शिष्य झोपलेल्या येशूला उठवून, आम्ही मरतो आहोत याची तुला पर्वा नाही काय, असे विचारतात. त्याच आठवड्यात एन. टी. राइट या इंग्रज अभ्यासकाने 'टाइम' नियतकालिकातील लेखात, या साथीचे स्पष्टीकरण देणे हे ख्रिस्ती धर्माचे काम नसून विलाप करणे हे त्याचे काम आहे, अशी भूमिका घेतली. संकटात ही परंपरा आठवते, एरवी ती बाजूस पडते.

तिची एक जागा मात्र अजून टिकून आहे. ज्या तासांच्या प्रार्थनेतून तीन स्तोत्रे गाळली गेली, तिनेच अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र दर शुक्रवारच्या निद्रापूर्व प्रार्थनेसाठी नेमले आहे. फक्त एक गोष्ट खटकते. इतर प्रत्येक स्तोत्राप्रमाणे यालाही शेवटी पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या गौरवाचे ठरावीक वाक्य जोडले जाते आणि अंधार हा अखेरचा शब्द उच्चारताच श्वासही न घेता गौरव सुरू होतो. पवित्र आठवड्यातील जुन्या तेनेब्रेत हे वाक्य म्हटले जात नसे. स्तोत्र संपे, एक मेणबत्ती विझे आणि पुढचे स्तोत्र सुरू होई.